बुडालेल्या गावचं टपाल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमच्या घरात सगळे म्हणत, आणि ते खरंच आहे. बेळगावात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते तेव्हा एकदा भर वर्गात मी सरांवर चिडले, आणि तेही इंटरनेटच्या पत्त्यांवरून. सर सांगत होते, माहितीचं पाकीट ज्या पत्त्यावर निघालंय त्या पत्त्याकडे जाणारा रस्ता वाटेतल्या यंत्राला ठाऊक नसेल, तर ते यंत्र ते पाकीट टाकून देतं.

"टाकून देतं म्हणजे काय करतं?" मी उभी राहून विचारलं.

"म्हणजे टाकून देतं. फार तर जिथून निघालं तिथं निरोप धाडतं, की पत्ता सापडला नाही."

"आणि माणूस तिथून दुसरीकडे राहायला गेला असेल तर? कुणी चौकशीसुद्धा करत नाही?"

वर्ग हसला. मी काही खाली बसेना. सरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की मी टपालवाल्याची मुलगी आहे, आणि तीही बुडालेल्या गावच्या टपालवाल्याची.

आमचं गाव बेळगावच्या दक्षिणेला, सुप्याच्या वरच्या अंगाला, काळी नदीच्या काठी होतं. साठ-पासष्ट घरं, भाताची खाचरं, आणि शेतीची कामं संपली की सगळे रानातल्या कामावर. माझे वडील, आप्पा, गावचे आणि भोवतालच्या वाड्यांचे टपालवाले. नोकरी अर्धवेळ. सकाळी खाचरात, दुपारी खांद्याला टपालाची झोळी. सायकल नव्हती, कारण सायकल चालेल अशी वाटच नव्हती. पाकिटावर फक्त माणसाचं नाव, गावाचं नाव आणि तालुका सुपा एवढंच असे. घर नंबर वगैरे भानगड आमच्याकडे कधी नव्हती. एकाच नावाची चार-चार माणसं होती, पण आप्पा अक्षर बघून सांगत की हे कुणाच्या जावयाचं आणि ते कुणाच्या भावाचं.

आमच्या शेजारी मामी राहायची. नात्याची नव्हे, पण तिच्या हातचं खाऊन मी वाढले. तिची लेक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मला कडेवर मारून तिनं अख्खं रान हिंडवलं होतं, आणि माझ्या वेण्या इतक्या आवळून घालायची की दिवसभर भुवया वर चढलेल्या. गाव उठायच्या वर्षभर आधी ती लाकडाच्या लॉरीवरच्या एका ड्रायव्हरबरोबर निघून गेली. मामांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगितलं आणि स्वतःही काढलं नाही. ती कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुप्याजवळ नदीवर धरण होतंय, त्याचं पाणी चढणार हे वर्षानुवर्षं ऐकत होतो, म्हणून ते खरंच चढायला लागलं तेव्हा विश्वास बसेना. बरेचजण रामनगरला, धरणात गेलेल्यांसाठी वसवलेल्या गावात, आले. काही खानापूरकडे पाहुण्यांकडे गेले, काही दांडेलीला मजुरीला, तर दोन-चार घरं बाजारकुणंगच्या बाजूला डोंगरात शिरली. आमच्या सामानाची लॉरी भरून झाली तरी मामी आपल्या घराच्या जोत्यावर बसून होती. मामा ओरडले, शेजारणींनी समजावलं, ती हलेना. शेवटी आप्पा तिच्यापुढं जाऊन उकिडवे बसले.

"ती चिट्टी धाडील ती हितंच धाडील," मामी म्हणाली. "तिला दुसरा पत्ता ठावा न्हाई. मी गेल्यावर चिट्टी कुणाच्या हातात देशीला भावजी, पाण्याच्या?"

"चिट्टी गावाला येत न्हाई वैनी, माणसाला येती. मी हाय न्हवं? तुमी कुटं बी असा, तितं आणून दीन."

मामी उठली आणि लॉरीत बसली. त्या दिवशी आप्पांनी जो शब्द दिला, त्याचं ओझं पुढं तेरा-चौदा वर्षं त्यांच्या खांद्यावर होतं. मला ते फार उशिरा कळलं.

रामनगरात आप्पांना टपालाचं कामच मिळालं. आणि आश्चर्य म्हणजे जुन्या गावच्या पत्त्यावर पत्रं येतच राहिली. गाव पाण्याखाली गेलंय हे मुंबईच्या गिरणीतल्या भावाला आणि पलटणीतल्या मुलाला कोण सांगणार? त्यांतली बहुतेक पत्रं आप्पांकडे येत. जो रामनगरात असेल त्याला ते नेऊन देत. जो दुसरीकडे गेला असेल त्याच्या पाकिटावर नवा पत्ता लिहून पुढं धाडत.

इथंच त्यांनी घोळ घातला. जुनं नाव खोडून नवं लिहायचं, एवढं साधं काम. पण आप्पा गावाचं नाव खोडत नसत. आमच्याकडे गावाचं नाव म्हणजे गावदेवीच्या जागेचं नाव, त्याच्यावर काट मारणं म्हणजे तिच्या जागेचं वाईट चिंतणं. म्हणून ते जुनं नाव तसंच ठेवून त्याच्याखाली बारीक अक्षरात नवा पत्ता लिहीत. पुढचा पत्रं निवडणारा माणूस वरचं ठळक नाव वाची आणि पत्र पुन्हा आमच्याच दिशेला फेकी. पलटणीतल्या एका मुलाचं त्याच्या आईला आलेलं पत्र असं तीनदा गोल फिरलं. त्यावर शिक्के इतके बसले, की मूळ अक्षर शोधावं लागे.

"खोडा की ते नाव!" आई वैतागून म्हणाली.

"मेलेल्याचं खोडत्यात. गाव काय मेलं न्हाई, बुडालंय."

या उत्तरावर आईनं हात टेकले. पण पलटणीतल्या मुलाच्या आईची चिट्टी महिनाभर उशिरा पोचली, हे आप्पांच्या मनाला लागलं होतं. मग त्यांनी माझ्या जुन्या वह्यांचे कागद मागितले, आईकडून भाताची खळ मागितली आणि लिफाफे करायला बसले. आलेलं पत्र न खोडता, न उघडता, आहे तसं मोठ्या लिफाफ्यात घालायचं, आणि लिफाफ्यावर फक्त नवा पत्ता. बाहेरचं वाचणाऱ्याला आतल्या गावाशी काही देणंघेणं नाही. पोचल्यावर माणूस बाहेरचा लिफाफा फाडतो आणि आत त्याचं पत्र असतं, जुन्या गावाच्या नावासकट. गोल फिरणं थांबलं. लिफाफे चिकटवायचं काम माझ्यावर आलं आणि मी ते कुरकुरत का होईना, शाळा संपेपर्यंत केलं.

मामीची चिट्टी मात्र येत नव्हती. रामनगरातही ती आमच्याच शेजारी होती. आप्पा दारावरून गेले की ती काही विचारत नसे, फक्त बाहेर येऊन उभी राही. आप्पा मान हलवीत आणि पुढं जात. मामा त्याच वेळी कुंपणाची काटकी सारखी करायला बाहेर येत. इतकं दुरुस्त झालेलं कुंपण अख्ख्या रामनगरात दुसरं नसेल. मी हे आईला म्हटलं तेव्हा तिनं मला दटावलं होतं.

तर असं सगळं पोटात घेऊन मी त्या वर्गात उभी होते. सर हसले नाहीत. "बस," म्हणाले, "आणि पुन्हा नीट ऐक." त्यांनी फळ्यावर ठिपके देऊन चार आकडे लिहिले. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला असा पत्ता असतो. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न यांमधला. त्यातला सुरुवातीचा भाग गावाचा, शेवटचा घराचा. गाव कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं हे सांगायला आणखी एक आकडा असतो, तो जाळीसारखा पत्त्यावर धरायचा. वाटेतली यंत्रं फक्त गावाचा भाग वाचतात आणि पुढच्या यंत्राच्या हाती देतात. अख्खा रस्ता कुणालाच ठाऊक नसतो. प्रत्येकाला फक्त पुढचं पाऊल ठाऊक. हे मला लगेच पटलं, कारण बेळगावच्या टपालघरातल्या माणसाला तरी आमच्या वाडीची पायवाट कुठं ठाऊक होती?

प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, कुणाला आणि कुणाकडून. दुसरा नसेल तर उत्तर देता येत नाही. शिवाय एक आकडा असतो, तो प्रत्येक यंत्रापाशी एकानं कमी होतो. शून्य झाला की पाकीट संपलं. "का?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "गोल फिरत राहू नये म्हणून." सर चकित झाले. पलटणीतल्या मुलाचं ते शिक्क्यांनी भरलेलं पत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण ते मी सांगितलं नाही. एकदा हसून घेतलं होतं वर्गानं, तेवढं पुरे होतं.

पुढच्या आठवड्यात सर छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आले. लॅबमधल्या एकुलत्या एक टेलिफोन लाइनवर, गोगलगायीच्या गतीनं उतरवलेले. "तुझ्या प्रश्नासाठी," म्हणाले. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

आताचे पत्ते चौथ्या आवृत्तीचे, आणि ते सगळे मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपास. ते एक दिवस संपणार. म्हणून सहावी आवृत्ती येतेय. पाचवी कुठं गेली, असं मी विचारलंच. तो नंबर एका प्रयोगाला देऊन झाला होता, म्हणाले. जुना पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे बत्तीस शून्य-एकांचा, नवा एकशे अठ्ठावीस. "म्हणजे चौपट पत्ते," मी पटकन म्हटलं आणि तोंडघशी पडले. एक बिट वाढला की पत्ते दुप्पट होतात, आणखी एक वाढला की त्याच्या दुप्पट, आणि इथं तर शहाण्णव वाढलेत. सरांनी आकडा लिहायला घेतला आणि फळा संपला. नवा पत्ता लिहितातही वेगळा, ठिपक्यांच्या जागी दोन-दोन टिंबं देऊन आठ गट, आणि त्यांत आकड्यांबरोबर ए ते एफ अक्षरंसुद्धा. पाकिटावरचा मजकूर मात्र सुटसुटीत केलाय. पाकीट मोठं झालं तर वाटेतल्या यंत्रानं ते फोडायचं नाही, धाडणाऱ्यानंच आधी बेतानं बांधायचं. आणि नवं यंत्र जाळ्याला जोडलं की ते गावाचं नाव ऐकून आपला पत्ता आपणच बनवू शकतं.

"पण जुनी यंत्रं?" मी विचारलं. "त्यांना हे नवे पत्ते वाचता येतील?"

"नाही. दोघांचं एकमेकांशी थेट बोलणं होत नाही. म्हणून कित्येक वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालवावे लागतील. आणि मध्ये सगळा जुना मुलूख लागला, तर नवं पाकीट आहे तसं जुन्या पाकिटात घालायचं. बाहेर जुना पत्ता, आत नवा. पलीकडे गेल्यावर बाहेरचं फाडायचं."

भाताच्या खळीचा वास आला मला, त्या बंद लॅबमध्ये.

मग सरांनी शेवटचे कागद काढले. ते अजून पक्के झालेले नव्हते, चर्चेतले होते. यंत्र घर सोडून दुसरीकडे गेलं तरी त्यानं आपला घरचा पत्ता ठेवावा, अशी ती योजना. घरी एक यंत्र मागे राहतं. फिरतीवर गेलेलं यंत्र त्याला कळवतं की मी सध्या अमक्याच्या द्वारा राहतोय. घरच्या पत्त्यावर आलेलं पाकीट हे मागे राहिलेलं यंत्र उचलतं, दुसऱ्या पाकिटात घालतं आणि त्या 'द्वारा' पत्त्यावर धाडतं. धाडणाऱ्याला काही कळवावं लागत नाही.

"हे आमचे आप्पा करतात," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. अख्ख्या वर्गासमोर, काय करणार! मग सरांनीच खोदून खोदून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मला त्या दिवशी आप्पांचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. ज्यासाठी जगातली मोठमोठी डोकी कागद लिहीत होती, ते काम आमच्या घरात खळ लावून चाललं होतं.

निघताना मी विचारलं, "सर, ते घरी राहिलेलं यंत्र बंद पडलं तर?"

"मग सगळंच अडलं. कोण कुठं गेलंय याचा तक्ता त्याच्याचकडे असतो."

आप्पा संक्रांतीनंतर निवृत्त होणार होते, आणि त्यांचा तक्ता त्यांच्या डोक्यात होता. कागदावर एक ओळ नव्हती.

चवथीच्या सुट्टीत घरी गेले ते कोरी वही घेऊनच. गणपती बसले, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी आप्पांना समोर बसवलं. कोण कुठं गेलं ते सांगा, मी लिहिते.

"लिवायचं कशाला? मला ठावं हाय की."

"तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्यामागं येणाऱ्याला?"

"तो इचारील. मी काय कुटं मरायला लागलोय?"

आम्ही दोघंही तापट, त्यामुळे तो दिवस भांडणात गेला. दुसऱ्या दिवशी ते आपणहून येऊन बसले, पण गाडी पुढं सरकेना. मी आडनावांच्या अनुक्रमानं विचारत होते आणि त्यांना काही आठवत नव्हतं. मी चिडले. ते त्याहून चिडले. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "देवळापासनं चालत जाऊ." मग ते चालायला लागले. देवळाच्या उजवीकडचं पहिलं घर, कुंभ्याच्या झाडाखालचं दुसरं, ओढा ओलांडला की तिसरं. पाण्याखालची अख्खी वाट ते पायाखाली घेत गेले आणि मी घरामागून घर लिहीत गेले. जुनं घर, माणसांची नावं, आता कुठं, कुणाच्या द्वारा. एका ओळीत कन्नड, एका ओळीत मराठी, कारण नवा माणूस कुठल्या भाषेतला येईल कुणास ठाऊक.

मामांच्या घरापाशी ते थांबले. मामांचं नाव, मामीचं नाव लिहून झालं. "लेकीचं बी लिव," म्हणाले.

"ती कुठं आहे म्हणून लिहू?"

"जागा मोकळी सोड. पर नाव लिव."

मी नाव लिहिलं आणि पुढं अर्धी ओळ मोकळी ठेवली. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. "शबुद दिल्ता मी वैनीला," एवढंच म्हणाले.

आप्पा निवृत्त झाले. त्यांच्या जागी हल्याळकडचा एक कन्नड बोलणारा गृहस्थ आला, आमच्या माणसांतलं कुणीच त्याला ठाऊक नव्हतं. आप्पांनी वही त्याच्या हातात दिली आणि वहीबरोबर उरलेले लिफाफेही. तो गृहस्थ भला निघाला. वही कौतुकानं चाळली आणि झोळीतच ठेवून दिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होते. आम्ही अंगणात फणसाचे गरे काढत बसलो होतो, हात चिकानं भरलेले. तो नवा टपालवाला दारात आला आणि वहीतलं पान उघडून आप्पांना म्हणाला, "वहीतलं हे घर आणि पत्रावरचं हे नाव एकच का, बघा." पोस्टकार्ड होतं. अक्षर कच्चं, चौथीतल्यासारखं. मामांचं नाव, जुन्या गावाचं नाव आणि त्याखाली लिहिलेलं: गाव बुडालं असं ऐकलं, माणसं रामनगरला गेली म्हणतात, तिथं असतील तर द्यावं.

आप्पांनी हात धुतलेच नाहीत. तसेच धावत शेजारी गेले आणि त्यांच्यामागून मी.

मामी भिंतीला टेकून खाली बसली. कार्ड तिच्या हातात दिलं तर तिनं ते उलटं धरलं, मग माझ्याकडे दिलं. मी वाचायला सुरुवात केली, "तीर्थरूप आईस..."

"थांब," मामी म्हणाली. "पयला तिचा पत्ता हाय काय बघ. खाली, कोपऱ्यात. हाय काय?"

होता. गदगच्या बाजूचं एक खेडं, नवऱ्याचं नाव, शाळेजवळ. मामीनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तेवढी वर्षं ती कुठल्याशा परमुलखाची कल्पना करत होती, आणि लेक एका दिवसाच्या प्रवासावर होती. मग मी मजकूर वाचला. दोन मुलगे, एक मुलगी. आधी दोन पत्रं टाकली होती, ती वरच्यावरच कुठून तरी परत आली. मग कुणीच नाही उरलं असं समजून तिनं लिहिणं सोडलं. परवा रामनगरकडचा एक लॉरीवाला भेटला, त्यानं सांगितलं. तुम्ही आहात का, एवढंच कळवा.

आप्पा उंबऱ्यापाशीच उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातांना चीक असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मामी त्यांना म्हणाली, "आणलीसा भावजी." आप्पांनी मान हलवली. नव्या टपालवाल्यानं आणली, असं त्यांना म्हणायचं होतं बहुतेक.

मी लगोलग घरातून कोरं कार्ड आणलं. मामी सांगू लागली. आमी हाय. सगळी हाय. हितला पत्ता घाल गे, नवा घाल, धडधडीत अक्षरात घाल. पोरांची नावं कळीव म्हणावं. एवढं लिहून होईतो मामा कुंपणापाशी पाठमोरे उभे होते, हातात काटकी तशीच धरून. मी खाली सही काय घालू म्हणून विचारलं. मामीनं त्यांच्याकडे पाहिलं.

मामांनी काटकी टाकली. वळले, पुढं आले आणि घसा खाकरून माझ्याजवळ वाकले.

"अळणावराला गाडी बदलाय लागती, तितनं हिकडं किती वाजता सुटती, ते बी लिव," ते म्हणाले. "पोरं संगं असत्यात. उनातानात ताटकळत बसाय नगं तिनं." आणि मग त्यांनी तिचं नाव घेतलं.